हिशेबनिसाचा हिशेब

पूर्वी बऱ्याच गावांत लग्नकार्यासाठी लागणारी मोठी भांडी कोणा एकाच्या घरी नसत. देवस्थानाच्या किंवा ज्ञातिसंस्थेच्या कोठीत घंगाळी, पातेली, पराती आणि हंडे जपून ठेवलेले असत. ज्याच्या घरी कार्य निघे तो ते घेऊन जाई आणि कार्य आटोपले की परत आणून देई. या साऱ्या व्यवहाराची भिस्त कोठी सांभाळणाराच्या वहीवर असे. कोणी काय नेले, केव्हा नेले, परत आले ते पुरते आले की नाही, ही नोंद चुकली की पुढच्या कार्यात ऐन वेळी भात शिजवावयास पातेले सापडत नसे. आजचा संगणक आपली स्मृती ज्या रीतीने वापरतो, तीही मुळात अशीच एक उसनवारी आहे; आणि तिच्या वहीत चूक झाली तर होणारा गोंधळ मात्र पातेल्यांच्या गोंधळाहून पुष्कळच मोठा असतो.

प्रत्येक संगणकात एक मूलभूत आज्ञावली असते. एका बाजूस यंत्रसामग्री आणि दुसऱ्या बाजूस आपण वापरतो ते सारे कार्यक्रम, यांच्यामध्ये ती उभी असते. तिला कर्नल, म्हणजे फळाच्या आतला गर किंवा गाभा, असे नाव आहे. अशा गाभ्यांपैकी आज सर्वांत दूरवर पसरलेला गाभा म्हणजे लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स या तरुणाने १९९१ साली त्याला आरंभ केला. त्याची संहिता कोणासही वाचता येते, सुधारता येते. ज्यांनी लिनक्स हे नावही कधी ऐकले नसेल, अशा कोट्यवधी लोकांच्या खिशात अँड्रॉइड पद्धतीचा दूरध्वनी असतो, आणि त्या दूरध्वनीच्या तळाशी हाच गाभा अहोरात्र काम करीत असतो.

या गाभ्याच्या अनेक कर्तव्यांपैकी एक मोठे कर्तव्य म्हणजे स्मृतीचे वाटप. बहुतेक यंत्रांत स्मृतीची विभागणी ४०९६ बाइटांच्या पानांमध्ये केलेली असते. परंतु मागणी नेहमी पानाच्या मापाने येत नाही. कोणाला ६४ बाइट हवे असतात, कोणाला २००. एवढ्याशा गरजेसाठी अख्खे पान देणे म्हणजे वाटीभर आमटीसाठी घंगाळे देण्यासारखे आहे. म्हणून जेफ बॉनविक या अभियंत्याने १९९४ मध्ये सोलॅरिस या प्रणालीसाठी एक युक्ती मांडली. पाने घ्यावीत, त्यांत एकाच मापाचे तुकडे आधीच पाडून ठेवावेत, आणि मागणी येईल तसा एकेक तुकडा द्यावा. या पद्धतीला स्लॅब असे नाव मिळाले. लिनक्सने ती उचलली, आणि २००७ पासून तिचीच एक सुधारित आवृत्ती तेथे उपलब्ध झाली. तीच आज लिनक्समध्ये उरली आहे.

उसनवारी आली की तिच्याबरोबर तिचे दोषही आले. ते स्थूलमानाने पाच आहेत. नेलेली वस्तू परत न करणे हा पहिला. याला गळती म्हणतात. परत केलेली वस्तू आपलीच समजून वापरीत राहणे हा दुसरा. एकच वस्तू दोनदा परत केल्याची नोंद करणे हा तिसरा. त्यामुळे पुढे तीच वस्तू दोघांना दिली जाते. दिलेल्या मापाबाहेर लिहिणे हा चौथा. त्यात शेजाऱ्याचा ऐवज नासतो. आणि आधीच्या माणसाचे उष्टे न धुता भांडे तसेच वापरणे, हा पाचवा.

सामान्य कार्यक्रमात असा दोष घडला तर गाभा त्या कार्यक्रमाला थांबवितो; बाकीचा संसार चालू राहतो. गाभ्यातच दोष घडला तर त्याला थांबविणारा वर कोणी नाही. तेथे सगळ्यांची स्मृती एकाच छपराखाली असते. एका उपकरणाच्या आज्ञावलीने मापाबाहेर चार बाइट लिहिले, तर ते चार बाइट कदाचित धारिकांच्या व्यवस्थेचे असतील आणि तिचा कारभार तासाभराने कोसळेल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. यंत्र बंद पडल्यावर जी आज्ञा गुन्हेगार म्हणून सापडते, ती बहुधा निरपराध असते. खरा अपराधी केव्हाच आपले काम उरकून निघून गेलेला असतो. एवढ्यानेच भागले तरी ठीक. परंतु असा दोष दुष्ट हेतूच्या माणसाला सापडला, तर त्या फटीतून हात घालून तो सबंध यंत्राचा ताबा घेऊ शकतो.

म्हणून अपराध घडता घडताच पकडावयाचा, यासाठी गाभ्याच्या रचनाकारांनी काही साधने घडविली आहेत. त्यांतील सर्वांत जुने साधन बॉनविकच्या लेखातही आढळते, आणि ते अगदी घरगुती आहे. परत आलेल्या तुकड्यात एक ठराविक आकडा भरून ठेवावयाचा. लिनक्समध्ये तो आकडा १०७ आहे; शेवटच्या बाइटात तेवढा १६५ लिहितात. पुढे तो तुकडा दुसऱ्याला देताना भरलेले आकडे जसेच्या तसे आहेत काय हे पाहावयाचे. मधल्या काळात कोणी त्याला हात लावला असेल तर रांगेत एखादा परका आकडा दिसतो. तसेच प्रत्येक तुकड्याच्या कडेला थोडी मोकळी जागा सोडून तीतही खुणेचे आकडे लिहितात. ती खूण पुसली गेली म्हणजे कोणीतरी बांध ओलांडला. या पद्धतीचे वैगुण्य एवढेच की, अपराध घडल्यानंतर, पुढची तपासणी होईल तेव्हाच तो उमगतो.

ही उणीव भरून काढणारे साधन २०१५ मध्ये, लिनक्सच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आले. त्याचे नाव केसॅन. येथे स्मृतीच्या प्रत्येक आठ बाइटांमागे एक बाइट निराळा राखून ठेवतात. त्या आठांपैकी किती बाइटांना हात लावण्याची मुभा आहे, हे त्या एका बाइटात लिहिलेले असते. मूळ संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर होतानाच प्रत्येक वाचनापूर्वी आणि लेखनापूर्वी एक छोटीशी चौकशी घातली जाते. मुभा नसेल तर तत्क्षणी आरोळी. शिवाय परत आलेला तुकडा लगेच दुसऱ्याला न देता काही काळ विलगीकरणात ठेवतात, म्हणजे जुना मालक चोरून आलाच तर सापडावा. किंमत मात्र जबर. एक अष्टमांश स्मृती नुसत्या पहाऱ्यासाठी जाते आणि यंत्राची गतीही पुष्कळ मंदावते. प्रयोगशाळेत हे परवडते. लोकांच्या रोजच्या वापरात परवडत नाही.

त्यावर २०२१ मध्ये केफेन्स नावाचा एक मध्यम मार्ग निघाला. प्रत्येक व्यवहार न तपासता, साधारणपणे दर १०० मिलिसेकंदांनी एखादी मागणी निवडावयाची आणि तेवढ्यापुरता तुकडा दोन्ही बाजूंनी निषिद्ध पाने असलेल्या जागेत द्यावयाचा. अशा २५५ जागांसाठी सुमारे दोन मेगाबाइट स्मृती पुरते. एका यंत्रावर दोष सापडण्याचा संभव अल्प. पण लक्षावधी यंत्रांवर हा पहारा वर्षभर ठेवता येतो, आणि कोठे ना कोठे तरी चोर हाती लागतो.

गळती शोधण्याची रीत निराळी आहे. २००९ मध्ये कॅटलिन मरिनास यांनी लिहिलेले केमेमलीक हे साधन लिनक्समध्ये सामील झाले. ते प्रत्येक वाटपाची नोंद ठेवते आणि सामान्यतः दर दहा मिनिटांनी झडती घेते. झडतीच्या आरंभी सर्व तुकडे बेवारस मानावयाचे. मग गाभ्याच्या कायम साठ्यातील आणि चालू कामांच्या टिपणांतील एकेक शब्द वाचावयाचा. एखादा शब्द एखाद्या तुकड्याच्या पत्त्यासारखा दिसला, की त्या तुकड्याला वारस आहे असे समजावयाचे. मग त्या तुकड्याच्या पोटातही तसेच पत्ते हुडकावयाचे. शेवटी ज्यांचा पत्ता कोणाकडेच सापडला नाही ते तुकडे गळतीतले. ज्याचा पत्ता कोणापाशी नाही ते परत तरी कोण करणार?

येथवर सर्व ठीक. खरा प्रश्न यापुढे उभा राहतो. ही साधनेही शेवटी माणसांनीच लिहिलेल्या आज्ञावली आहेत. वही तपासणाऱ्या हिशेबनिसाची वही कोणी तपासावयाची?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे, हे एका साध्या गोष्टीवरून कळते. केसॅन प्रत्येक वाचनलेखनावर पहारा बसविते. परंतु तिच्या स्वतःच्या आज्ञावलीला हा पहारा मुद्दाम लावलेला नाही. लावला तर पहारेकऱ्याच्या प्रत्येक पावलावर पहारा, त्या पहाऱ्यावर पुन्हा पहारा, असा अंत नसलेला फेरा सुरू होईल. तेव्हा ज्या ठिकाणी यंत्राचा डोळा पोहोचू शकत नाही, तेथे माणसाचाच डोळा पोहोचला पाहिजे. दोषशोधनाच्या संहितेचे परीक्षण इतर संहितेच्या परीक्षणाहून अधिक जिकिरीचे आहे ते यासाठीच.

असे परीक्षण करणारा कोणते प्रश्न विचारतो? पहिला प्रश्न असा की, नोंद ठेवण्यासाठी लागणारी स्मृती कोठून येते? केमेमलीकला प्रत्येक तुकड्यामागे एक टिपण ठेवावे लागते, आणि त्या टिपणालाही तुकडा लागतो. त्या तुकड्याचीही नोंद ठेवू लागले तर पुन्हा तोच फेरा. म्हणून स्वतःच्या टिपणांची नोंद वगळावी लागते. दुसरी अडचण यंत्र सुरू होतानाची. त्या वेळी वाटपाची व्यवस्था स्वतःच उभी राहत असते. पण वाटप तर सुरू झालेले असते. या काळातील नोंदींसाठी केमेमलीकने आरंभी एक ठराविक आकाराची यादी राखून ठेवली होती, आणि तीत सामान्यतः ४०० नोंदी मावत. यंत्रे वाढली, सुरुवातीचे व्यवहार वाढले, आणि यादी भरून वाहू लागली. ती भरली की हे साधन स्वतःला बंद करून घेई. २०१९ मध्ये ती यादी काढून, १६,००० टिपणांचा साठा आधीच राखून ठेवण्याची व्यवस्था झाली. ४०० हा आकडा लिहिला गेला तेव्हा तो चुकीचा नव्हता. पण संहितेतील प्रत्येक ठराविक आकडा ही भविष्याविषयी केलेली एक प्रतिज्ञा असते, आणि ती कोणत्या दिवशी मोडेल हे विचारणे परीक्षकाचे काम आहे.

दुसरा प्रश्न प्रसंगाचा. गाभ्यातील काही कामे थांबू शकतात, वाट पाहू शकतात. काही कामांना क्षणाचीही उसंत नसते. एखाद्या उपकरणाने मध्येच दिलेल्या हाकेला ओ देणारी आज्ञावली झोपून चालत नाही. स्मृतीची मागणी दोन्ही प्रसंगांत होते, म्हणून तिच्यामागून जाणारा तपासनीसही दोन्ही प्रसंगांत उभा राहावयास हवा. त्याने जर अशा निकडीच्या वेळी कुलपासाठी वाट पाहिली, आणि ते कुलूप धरून बसलेला त्याच प्रोसेसरवर अडून राहिलेला असला, तर सारे यंत्र जागच्या जागी गोठते. दोष शोधण्यासाठी आलेल्यानेच दोष घडविला, म्हणजे कुंपणाने शेत खाल्ले.

तिसरा प्रश्न न्यायाचा. निरपराधाला दोषी ठरविले जाते काय, आणि अपराधी सुटतो काय? केमेमलीकपुढे दोन्ही संकटे आहेत. काही आज्ञावली पत्ता जसाच्या तसा न ठेवता बदललेल्या रूपात ठेवतात. मग तुकडा वापरात असूनही बेवारस दिसतो. उलट, एखादी साधी संख्या योगायोगाने पत्त्यासारखी दिसली तर खरी गळती झाकली जाते. पहिल्या संकटावर उपाय म्हणून ‘ही गळती नव्हे’ असे संहितेत नमूद करण्याची सोय आहे. परंतु परीक्षकाने सर्वांत संशयाने पाहावे ते याच सोयीकडे. तक्रार खोटी होती म्हणून ती गप्प केली, की तक्रार अडचणीची होती म्हणून, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. ते लिहिणाऱ्याने पटवून द्यावे लागते. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे साधन लोक चार दिवसांत बंद करतात. आणि चोराला ओळख देऊन सोडणारे साधन त्याहून वाईट, कारण त्याच्या मौनावर लोक विश्वास ठेवतात.

चौथा प्रश्न खर्चाचा, आणि तो दुहेरी आहे. साधन चालू असताना किती खर्च, हे तर पाहावयाचेच. पण बंद असताना किती, हे अधिक महत्त्वाचे. स्मृतीचे वाटप सेकंदाला लाखो वेळा होऊ शकते. त्या वाटेवर ‘पहारा चालू आहे काय’ एवढेच विचारणारी एक जादा आज्ञा घातली, तरी तिचे मोल जगातील प्रत्येक यंत्र भरते. २०२४ साली लिनक्समध्ये संहितेच्या कोणत्या ओळीने किती स्मृती उचलली याचा जमाखर्च दाखविणारी नवी व्यवस्था आली. तिच्या वेळीही, ज्यांना हा जमाखर्च नको त्यांच्यावर काय भार पडणार, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता.

संहिता एकाने लिहावी आणि दुसऱ्याने वाचावी, ही पद्धत जुनी आहे. आयबीएम कंपनीतील मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये तिला शिस्तबद्ध रूप दिले. लिनक्समध्ये प्रत्येक बदल उघडपणे मांडला जातो, कोणीही त्यावर आक्षेप घेऊ शकतो, आणि ज्याने तो वाचून मान्य केला त्याचे नाव त्या बदलाबरोबर कायमचे नोंदले जाते. नाव नोंदले जाणे ही लहान गोष्ट नव्हे. वाचले असे म्हणणे सोपे. वाचल्याची सही करणे कठीण.

या पद्धतीची एक कठोर परीक्षा २०२० मध्ये झाली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी, परीक्षकांचे डोळे किती उघडे असतात हे अजमावण्यासाठी, खोट्या नावांनी जाणूनबुजून सदोष बदल पाठविले. त्यांतील डाव सूक्ष्म होता. वरकरणी बदल लहानसा दोष दुरुस्त करणारा. पण त्यामुळे परत केलेली स्मृती पुन्हा वापरली जाण्याची वाट मोकळी होणार. अशी वाट बहुधा अपयशाच्या मार्गावर दडलेली असते. समजा, एका कामासाठी चार तुकडे हवेत. तीन मिळाले, चौथा मिळाला नाही. आता आधीचे तीन उलट्या क्रमाने परत करून मागे फिरावयाचे. हा मार्ग क्वचितच चालला जातो, कारण स्मृती क्वचितच संपते. म्हणून चाचणीत तो निसटतो. यासाठीच २००७ पासून लिनक्समध्ये, स्मृती असूनही मुद्दाम ‘नाही’ म्हणण्याची सोय करून ठेवलेली आहे.

हे प्रकरण एप्रिल २०२१ मध्ये चिघळले. त्या विद्यापीठाकडून येणारे बदल नाकारण्यात आले, संशोधकांनी आपला निबंध मागे घेतला, आणि तेथून पूर्वी आलेले ४३५ बदल पुन्हा एकेक करून वाचण्यात आले. त्यांतील बहुसंख्य बदल योग्य आणि सद्भावनेने केलेले निघाले. खोट्या नावांनी पाठविलेले सदोष बदल परीक्षकांनी पकडले होते किंवा स्वीकारलेच नव्हते, असे चौकशीअंती सांगण्यात आले. तरीही नुकसान झाले ते झालेच. परस्परांच्या सद्भावावर चालणाऱ्या व्यवहारात कोणालाही न सांगता विश्वासाचीच परीक्षा घेतली, तर उत्तर काहीही आले तरी विश्वास थोडा कमी होतोच. शेकडो बदल दुसऱ्यांदा वाचण्यात ज्यांचे दिवस गेले, त्यांना ते परत कोण देणार?

आणखी एक उदाहरण या विषयाची दुसरी बाजू दाखविते. मॅक्स केलरमन या प्रोग्रामरला काही संकुचित धारिकांच्या शेवटी आठच बाइट वारंवार बिघडलेले आढळले. त्या आठ बाइटांचा माग काढीत तो गाभ्यापर्यंत पोहोचला. २०१६ मध्ये लिहिलेल्या एका भागात, पुन्हा वापरावयास घेतलेल्या जागेतील एक रकाना कोरा करावयाचा राहिला होता. चार वर्षे त्याने काही बिघडले नाही. २०२० मध्ये दुसऱ्या एका बदलाने त्या रकान्याला नवा अर्थ प्राप्त झाला, आणि जुने उष्टे विषारी ठरले. साध्या वापरकर्त्यालाही केवळ वाचण्याचीच परवानगी असलेल्या धारिका बदलता येऊ लागल्या. २०२२ मध्ये ‘डर्टी पाइप’ या नावाने हा दोष गाजला. काही अँड्रॉइड दूरध्वनीही त्याच्या कक्षेत आले.

या ठिकाणी पहारेकरी साधनांचा काय उपयोग झाला असता? ‘कधीच न लिहिलेली जागा वाचली काय’ हे पाहणारे केएमसॅन नावाचे साधन त्याच वर्षाअखेर लिनक्समध्ये आले. परंतु येथे ती जागा वाटपाच्या वेळी कोरी करूनच दिलेली होती आणि पुढे रीतसर भरलीही गेली होती. भांडे एकदा धुतलेले होते. दुसऱ्या पंगतीपूर्वी ते पुन्हा धुवावयाचे राहिले एवढेच. यंत्र नियम मोडला की नाही ते सांगते. येथे स्मृतीचा एकही नियम मोडला नव्हता. मोडला होता तो लिहिणाऱ्याच्या मनातील हेतू, आणि हेतू वाचावयाचा तर वाचणारा माणूसच लागतो.

म्हणून साधने विरुद्ध माणसे असा वाद येथे व्यर्थ आहे. आकडा १०७ आहे की १०८, हे पाहावयास माणूस बसविणे म्हणजे त्याची आयुष्ये वाया घालविणे होय. ते काम साधनाचेच. मात्र ४०० नोंदी उद्या पुरतील काय, ही तक्रार खरोखरच खोटी आहे काय, हा रकाना कोरा असावा अशी अपेक्षा नेमकी कोणाची, हे प्रश्न साधनाला सुचत नाहीत. ते कोणीतरी, कोठेतरी, दुसऱ्याने लिहिलेल्या पाचपन्नास ओळी सावकाश वाचताना विचारतो. त्या वाचनाची बातमी होत नाही. दोष सापडला तर लिहिणारा तो दुरुस्त करतो आणि बदल पुन्हा पाठवितो. सापडला नाही तर वाचणारा आपले नाव खाली लिहितो आणि पुढचा बदल उघडतो. आपला दूरध्वनी आज दिवसभर बिनबोभाट चालला असेल, तर त्यामागे अशा अनेक सह्या आहेत.